छत्री दिसली की हात आपोआप दिसतो

प्रश्न : माझी भाची ओसाकाला असते. तिथल्या रस्त्यांचे फोटो पाठवते: पिवळी टोपी घातलेली पहिलीतली मुलं, पांढरे हातमोजे घातलेला स्टेशनवरचा माणूस, छत्री घेऊन निघालेल्या आजी. ते रंगवायचे म्हणून सावंतवाडीच्या चितार आळीतून पांगाऱ्याच्या आठ कोऱ्या बाहुल्या कातून आणल्या. पण काळी रेघ पसरते, ओठ काढले तर मिशी होते. आणि हात कुठे काढू?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : मिशीवर हसले, रागावू नका. माझ्या पहिल्या स्टेशनमास्तरला तर दाढीसुद्धा फुटली होती.

दोष तुमच्या हाताचा नाही. पांगारा हलका, कातायला सोपा, पण रंगाच्या बाबतीत निव्वळ टीपकागद. पाण्याचा रंग त्याच्या धाग्यातून धावतो. डोक्यावर आडवा छेद असल्याने तिथे तर फारच पितो. आधी बारीक पॉलिश पेपर मारा, ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर उभारलेली लव पुन्हा घासा. मग अ‍ॅक्रिलिकचा पारदर्शक मीडियम थोडा पातळ करून दोन हात द्या. रंग त्यानंतर. डोळे-ओठ सगळ्यात शेवटी, शून्य नंबरच्या ब्रशने, शाईच्या पेनाने नकोच. वरून वॉर्निश फिरवलंत की पेनाची रेघ पुन्हा सुटते. पावसाळ्यात प्रत्येक हाताला एक दिवस जास्त द्या. पुढच्या वेळी काळ्या कुड्याच्या बाहुल्या मिळतात का बघा. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी त्याचीच असतात, धागा घट्ट.

आता हात. मी जपानमध्ये सेंदाई शहरात अडीच वर्षं होते, तेव्हा सुट्टीत नारुकोला जायचे. गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, आणि कोकेशी बाहुल्यांचं. एदो काळाच्या शेवटी, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, तोहोकू या जपानच्या ईशान्य भागातले कातारी अंघोळीला आलेल्या पाहुण्यांसाठी, म्हणजे त्यांच्या घरच्या पोरांसाठी, या बाहुल्या करू लागले. गोल डोकं, सरळ धड. हात नाहीत, पाय नाहीत. नारुकोची बाहुली डोकं फिरवलं की कुईकुई करते, कारण ते धडात घट्ट बसवलेलं असतं. त्सुचियु या दुसऱ्या गावच्या बाहुलीच्या डोक्यावर चाकावर फिरवतानाच गोल वळी काढतात. एवढ्या साधेपणात कुठली बाहुली कोणत्या गावची ते लांबून कळतं.

मी मात्र शहाणपणा करून काडीचे हात चिकटवले होते. पुण्याला पोचेपर्यंत पिशवीत नुसत्या काड्या.

तुम्ही प्रत्येकाची एकच खूण धरा. मुलाला पिवळी टोपी आणि पाठीवर रांदोसेरूचा, म्हणजे तिथल्या शाळकरी दप्तराचा, चौकोन. पहिलीतल्यांच्या दप्तरावर पिवळं कव्हर असतं, ते विसरू नका. त्याला समोरून दप्तर दाखवायचा मोह आवरा, बाहुली फिरवल्यावर दिसू दे. आजींच्या छातीवर मिटलेली छत्री तिरकी काढा, वर मुठीचा एक ठिपका. बघणारा हात स्वतः जोडतो. स्टेशनवरच्या माणसाला दोन पांढरे ठिपके पुरतात, पण एक वर, खांद्याशी: तो सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने बोलतो, ते त्यांचं रोजचं काम.

मिशीवाली बाहुली घासून टाकू नका. डोक्याला पांढरा टॉवेल बांधा, अंगात निळा कोट चढवा. हिवाळ्यात गाडीवर भाजलेली रताळी विकणारा म्हणून खपून जाईल.