पोळ्याचे २२ फोटो आणि एक पान
प्रश्न : ताई, यंदाच्या पोळ्याचे २२ फोटो आहेत. शिवाय सासऱ्यांचा बैलजोडीसोबतचा जुना कृष्णधवल फोटो सापडला. स्क्रॅपबुकच्या एका पानावर काय काय लावू? कागद कोणत्या रंगाचा घेऊ?
– एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : अहो, २२ नकोच! तीनच घ्या. तोरणाखाली उभी जोडी, शिंगाच्या बेगडाचा अगदी जवळून घेतलेला एखादा, आणि सासऱ्यांचा. पोळ्याचे फोटो मुळातच भडक, त्यामुळे कागद शांत हवा. मी पहिल्या वहीत गुलाबी घोटीव कागद लावला होता. झूल दिसेचना, नुसता कागद दिसे. वेचलेल्या कापसासारखा मळकट पांढरा घ्या. मग झुलीतला एकच रंग उचलून रंगीत फोटोंभोवती बारीक पट्टी लावा. सासऱ्यांच्या फोटोला मात्र करडीच.

आणि तो मूळ फोटो डिंकाने चिकटवू नका, पुन्हा निघायचा नाही. तालुक्याला कॉपी काढून ती लावा, मूळ कागदी पाकिटात ठेवा. फोटोमागे बैलांची नावं पेन्सिलीने लिहा, बॉलपेनचे वळ पुढे उमटतात. उरलेले वीस मोबाईलात राहू द्या. पुरणपोळीच्या ताटाचा मोह होईल, त्याला पुढचं पान आहे.