एकच मेकॅनिक आणि 18 बल्क कूलर: फेरी कशी लावावी?

18 गावांतल्या दूध संस्थांचे बल्क कूलर (गोळा केलेलं दूध थंड करणाऱ्या मोठ्या टाक्या) एकच मेकॅनिक गाडीवर फिरून बघतो, तर महिन्याला प्रत्येक गावी एक फेरी लावावी का, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापूरच्या शाहूवाडी-पन्हाळा भागात 9 वर्षं हेच काम पाहिलं. तसं लावू नका.

माझंही पहिलं वेळापत्रक रोज एक गाव असंच होतं. चौथ्याच दिवशी एका संस्थेचा कॉम्प्रेसर बसला आणि पुढचा अख्खा महिना कोलमडला. मेकॅनिकचे निम्मे दिवस मोकळे ठेवा. संचालकांना ते रिकामं बसणं वाटतं, पण संध्याकाळचं धारेचं कोमट दूध टाकीत असताना मशीन बंद पडलं तर रात्रीतच माणूस पोचला पाहिजे. सकाळपर्यंत दूध हातचं जातं.

फेरी रस्त्यावरून बांधा. एका रस्त्यावरच्या चार गावांचा एक गट. त्यातल्या एका गावी मेकॅनिक बिघाडाला गेला, की उरलेल्या तीन गावांची पंधरा दिवसांत येणारी कामं त्याच खेपेत उरकायची. आमच्याकडे पावसाळ्यात बंधाऱ्यांवरचे रस्ते पाण्याखाली जातात, म्हणून नदीपलीकडची गावं मेअखेर हातावेगळी करायचो.

कॉन्टॅक्टर (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा विजेचा स्विच), फॅनचा कपॅसिटर, ढवळणीच्या गिअरबॉक्सचं तेल ही झिजणारी मंडळी, वेळेआधी बदला. कंट्रोल कार्ड (मशीनचं इलेक्ट्रॉनिक सर्किट) मात्र कधी जाईल ते वयावरून कळत नाही. ते लवकर बदलण्यात पैसा घालवू नका, एक जादा पिशवीत ठेवा.

आणि प्रत्येक संस्थेत एक वही हवीच. संकलन संपल्यावर टाकीत किती लिटर होतं आणि 4 अंशांवर यायला किती मिनिटं लागली, एवढंच रोज लिहायचं. एके ठिकाणी तेवढ्याच दुधाला 150 ऐवजी 195 मिनिटं लागायला लागली. जाऊन बघतो तर कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) जाळीवर पशुखाद्याचा भुसा आणि उसाच्या फडाची काजळी. नखानं ओढली तर गोधडीच्या तुकड्यासारखी सुटून आली! मेन स्विच पाडून मऊ ब्रश फिरवला, आतून बाहेर पाणी मारलं (बाहेरून मारलं तर घाण आणखी आत बसते), तिसऱ्या दिवशी वहीत पुन्हा 150. हे काम सेक्रेटरीला शिकवा, त्यासाठी मेकॅनिकची खेप नको.

वही आजपासूनच सुरू करा. कुठलं गाव कुठल्या रस्त्यावर आणि टाकी किती लिटरची ते लिहून पाठवलंत, तर गट मी पाडून देतो.