बेळगाव जिल्ह्यातल्या (कर्नाटक) खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मंडळातर्फे आरोग्य कार्यक्रम राबवायचा आहे. सुरुवात कशी करावी?

शिबिरापासून करू नका, एवढं आधी सांगतो. मंडप, पाहुणे, नाश्ता, फोटो सगळं होतं, आणि ज्यांचा रक्तदाब जास्त निघाला त्यांची नावं संध्याकाळी कुणाकडेच नसतात. निपाणीकडच्या एका गावात आम्ही हे करून बसलोय.

तुमच्याकडे पोरं उत्साही आहेत, पैसे थोडे आहेत आणि विषय ठरलेला नाही, असं तुम्ही लिहिलंय. विषय पोरांनी ठरवू नये. आमचा तंबाखूचा पट्टा, १९८१ चं तंबाखू आंदोलन इथलंच. बायका घरोघरी मिसरी लावतात. म्हणून आम्ही तोंडाच्या कॅन्सरचे फलक छापून आणले. बायकांनी पाहिले, तोंडाला पदर लावला आणि घरी जाऊन मिसरी भाजली. शेवटी एका आजींनाच कारण विचारलं. "मिसरी नाही लावली तर पोट साफ होत नाही रे, आणि दाढ ठणकते ती वेगळीच." आणखी चार घरी हेच ऐकलं.

मग दंतवैद्याला बोलावलं. दाढ दाखवायला सगळ्या आल्या. त्याच बैठकीत तोंडातले पांढरे चट्टे, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं हेही बघून झालं, आणि पुढे कुणाला पाठवायचं ती यादी आशाताईंच्या वहीत गेली. मिसरी सोडल्यावर काही दिवस पोट अडतं, चिडचिड होते, हेही आधीच सांगून टाकलं. नाहीतर चौथ्या दिवशी डबा पुन्हा उघडतो.

पैशांचं म्हणाल, तर गावची आरोग्य, स्वच्छता आणि पोषण समिती असते. तिला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत मुक्त निधी, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचा पैसा, मिळतो. आशाताई त्या समितीच्या सचिव असतात, त्यामुळे आधी त्यांच्याकडे जा, नंतर पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे. अर्ज कन्नडमध्येच द्या. तिथे भाषेचा वाद काढलात तर कार्यक्रम बाजूला राहील. गावातलं बोलणं मात्र मराठीत. पत्रकांवर खर्च करू नका. कन्नड पत्रक पोरं वाचतात, आजी मराठीसुद्धा वाचत नाही.

वेळ सांभाळा. तुमच्याकडे भाताची लावण आणि सुगी, या दोन्ही वेळी कुणी फिरकणार नाही. वेगळी सभा बोलावण्यापेक्षा स्त्रीशक्ती संघाच्या (बायकांच्या बचत गटाच्या) बैठकीत अर्धा तास मागून घ्या.

आणि सुरू करण्याआधी एकच गोष्ट मोजून ठेवा. पन्नास घरं, दिवसातून किती वेळा मिसरी, बस्स. सहा महिन्यांनी त्याच घरी पुन्हा विचारायचं, पण विचारणारी बाहेरची मुलगी हवी. आम्ही स्वतःच गेलो होतो. सगळ्या म्हणाल्या, "सोडली रे बाळा." डबा चुलीजवळ होता तिथेच होता.