दोन राउटरमधल्या थेट लिंकला वेगळा सबनेट (आयपी पत्त्यांचा गट) न देता राउटिंग चालवता येईल का?

येईल. अशा लिंकला ‘अनंबर्ड’ म्हणजे ‘आयपीशिवाय लिंक’ म्हणतात, फक्त ते शब्दशः घेऊ नका. राउटर स्वतः पॅकेट पाठवतो तेव्हा (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात त्या ओएसपीएफ प्रोटोकॉलचा हॅलो, पिंगचं उत्तर) त्यावर सोर्स म्हणून कुठला तरी पत्ता घालावाच लागतो. अनंबर्ड लिंकमध्ये पोर्ट तो पत्ता त्याच राउटरच्या दुसऱ्या इंटरफेसकडून उसना घेतो. सिस्कोवर पोर्टखाली ‘आयपी अनंबर्ड लूपबॅक०’ एवढी एकच ओळ; लूपबॅक म्हणजे राउटरच्या आतला आभासी इंटरफेस. (टाइप मात्र इंग्रजीतच करायची.)

उसना घ्यायचा तो लूपबॅककडूनच. मी पहिल्यांदा आळस करून लॅन पोर्टचा पत्ता उसना दिला होता. एके दिवशी कुणीतरी त्या पोर्टला लावलेला स्विच बंद केला, पोर्ट डाउन झाला आणि त्या पत्त्यावर लांबून लॉगिनच होईना. लिंकची केबल धडधाकट होती! लूपबॅकला केबलच नाही, त्यामुळे तो असा पडत नाही.

सीरियल किंवा पीपीपी लिंकवर बाकी काही करावं लागत नाही. पलीकडे एकच जण असतो, तेव्हा ‘या पोर्टातून बाहेर टाक’ एवढं पुरतं. इथरनेटवर लोक अडकतात. तिथे समोरच्याचा मॅक पत्ता (पोर्टचा हार्डवेअर पत्ता) एआरपीने, म्हणजे ‘हा आयपी कुणाचा?’ असं विचारून, शोधावा लागतो, आणि समोरचा /३२ (एकट्या पत्त्याचा सबनेट) तर तुमच्या कुठल्याच सबनेटमध्ये बसत नाही. नुसतं पोर्टचं नाव देऊन डिफॉल्ट रूट (बाकी सगळ्यासाठीचा रस्ता) टाकलात तर राउटर प्रत्येक डेस्टिनेशनसाठी एआरपी विचारत सुटतो. म्हणून ‘समोरचा अमुक पत्ता या पोर्टावर आहे’ हे त्याला सांगावं लागतं. मायक्रोटिकवर ते फार सुटसुटीत आहे: अ‍ॅड्रेस १०.२५५.०.१/३२, नेटवर्कच्या रकान्यात समोरचा १०.२५५.०.२. पलीकडच्या टोकाला बरोबर उलटं. तिसऱ्या राउटरकडे जाणाऱ्या पोर्टावर पुन्हा तोच १०.२५५.०.१/३२, फक्त नेटवर्क १०.२५५.०.३. एकच पत्ता दोन पोर्टांवर बघून बिचकू नका, तसंच असतं. लिनक्सवर हेच ‘पीअर’ शब्द वापरून होतं. सिस्को नेक्ससवर आधी पोर्टला ‘मीडियम पी२पी’ द्यावं लागतं.

ओएसपीएफ चालवणार असाल तर दोन्ही टोकांना नेटवर्क टाइप पॉइंट-टू-पॉइंट करा. इथरनेटवर तो डिफॉल्टने ब्रॉडकास्ट असतो. अनंबर्ड लिंकची ओळख ओएसपीएफ पत्त्याऐवजी इंटरफेसच्या इंडेक्स नंबरवरून ठेवतो, त्यामुळे दोन राउटरमध्ये दोन लिंक असल्या तरी त्याचा गोंधळ होत नाही.

गोंधळ तुमचा होईल. ट्रेसराउटमध्ये (वाटेतले राउटर दाखवणारी कमांड) दोन्ही लिंकवर तोच लूपबॅक दिसतो, पॅकेट कुठल्या केबलने आलं ते कळत नाही. म्हणून चार-पाच लिंक असतील आणि प्रायव्हेट रेंज मोकळी असेल, तर मी सरळ /३१ (दोनच पत्त्यांचा सबनेट) देईन. आरएफसी ३०२१ या इंटरनेट मानकामुळे २००० पासून ते अधिकृत आहे आणि /३० च्या निम्मे पत्ते लागतात: ४० लिंकना १६० ऐवजी ८०. पब्लिक पत्ते मोजून-मापून असतील किंवा लिंक रोज वाढत असतील, तर अनंबर्ड घ्या. पण प्रत्येक पोर्टावर डिस्क्रिप्शन लिहा आणि एलएलडीपी (पोर्टापलीकडे कोण आहे ते सांगणारा प्रोटोकॉल) चालू ठेवा, कारण रात्री दोन वाजता कुठली केबल कुठे जाते ते त्यावरूनच शोधावं लागेल.