ऑडिटवर सही करण्याआधी

ठाण्यात जुन्या इमारती मोप, तेव्हा स्ट्रक्चरल ऑडिटसाठी, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीसाठी, सोसायट्या तुझ्यासारख्या नव्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडेही येतील. ३० वर्षांवरच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम २६५-अ प्रमाणे स्थैर्याचं प्रमाणपत्र लागतं. मग नौपाड्यातले सेक्रेटरी हळूच म्हणतात, "साहेब, सी-२बी लिहा, घरं रिकामी नकोत." सी-२बी म्हणजे घरं रिकामी न करता दुरुस्ती. पुनर्विकासाची घाई झालेल्यांना मात्र सी-१च हवं असतं, म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. दोघांचाही चहा घे, शब्द कुणालाच देऊ नकोस.

नुसत्या रिबाउंड हॅमरच्या (काँक्रीटवर आदळून कडकपणा मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यावर तर मुळीच जाऊ नकोस. जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने) कडक होतो आणि हॅमर खुशाल मोठा आकडा दाखवतो. प्लॅस्टर काढ, ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण मार. गुलाबी झालं तर तिथवर कार्बोनेशन पोचलेलं नाही. रंगच आला नाही आणि सळई त्याच पट्ट्यात असली, तर कार्बोनेशन सळईपर्यंत पोचलंय, गंजाची शंका धर. हाफ-सेल (सळईच्या गंजाचा अंदाज देणारी) आणि कोअर (काँक्रीटचा तुकडा कापून ताकद मोजणारी) टेस्ट कर. सोसायटी खर्चावरून कुरकुरेल, कुरकुरू दे.

जमीन खचल्याचा किंवा पाइलचा (पायाच्या जमिनीत खोल गेलेल्या खांबांचा) संशय आला, तर जिओटेक्निकलवाल्याला बोलाव. ते तुझं क्षेत्र नाही, हे अहवालात सरळ लिही. फी वाटली गेली तरी चालेल. न पाहिलेल्या साइटच्या कागदावर सही मागणारा कितीही ओळखीचा असो, नाही म्हण. शिळफाट्याची अनधिकृत इमारत ४ एप्रिल २०१३ ला कोसळली, ७४ माणसं गेली.

आणि हो, निम्मी फी आधीच घे. नावडता अहवाल दिल्यावर उरलेली मिळायला फार चकरा माराव्या लागतात.