फाइल फोटो

प्रिय छायाचित्रकार मैत्रिणीस,

तुझा मेल परवा आला. मी आधी फोटो उघडला आणि मजकूर नंतर वाचला. तिथेच चुकलो. फोटो बघून तोंडातून "व्वा" निघालं, आणि मग खाली वाचलं की तुला तीन रात्री धड झोप नाही.

फोटो चांगला आहे, हे एकदाच सांगून टाकतो. रुग्णालयाचा रात्रीचा कॉरिडॉर, बाकावर एकटा माणूस, मांडीवर फाइल, एका पायात चप्पल आणि दुसरी दोन हात लांब उलटी पडलेली. ती चप्पल फ्रेमबाहेर न घालवण्याची नजर शिकवून येत नाही. पण फोटो कसा आलाय हे तू विचारलेलंच नाहीस. तू विचारलंयस, "मी त्याला पाणी द्यायला हवं होतं का? आणि क्लिक केल्यावर मला आनंद झाला, म्हणजे माझं काही बिघडलंय का?"

पाणी द्यायला हवं होतं. यात विचार करण्यासारखं काय आहे? फोटो सेकंदाच्या साठाव्या भागात निघतो, पाण्याला दोन मिनिटं लागतात, आणि तुझ्याकडे अख्खी रात्र होती. 'फोटो की मदत' हा प्रश्न परिसंवादांत फार रंगतो, प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा असा चुटकीसरशी सुटतो. तिथे तू एकटीच असशील आणि जीव जायची वेळ असेल, तर कॅमेरा खाली. जाणती माणसं कामाला लागलेली असतील, तर त्यांची वाट अडवायची नाही, एवढीच मदत. कधीकधी कुणाच्याच हातात काही नसतं. १९८५ साली कोलंबियात ज्वालामुखीच्या चिखलाखाली आर्मेरो हे गाव गाडलं गेलं, तेव्हा फ्रँक फुर्निए या छायाचित्रकाराने ढिगाऱ्यात कमरेपर्यंत अडकलेल्या तेरा वर्षांच्या मुलीचा फोटो काढला. तिला बाहेर का ओढलं नाही, असं जगाने त्याला विचारलं. तिचे पाय खाली अडकले होते आणि भोवतीचं पाणी उपसायला योग्य पंप मिळत नव्हता. सुमारे साठ तास ती तशीच होती. फुर्निएने कॅमेरा फेकून दिला असता तरी ती वाचली नसती.

आता आनंदाचं. तो मला चांगला ठाऊक आहे. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की समोरचा माणूस हळूहळू रेषा आणि उजेड होऊन जातो. हात आपोआप एक्स्पोजर सावरतात, पाऊल आपोआप अर्धा फूट डावीकडे सरकतं, आणि फ्रेम बसली की आतून उसळी येते. काम जमल्याची उसळी. ती कुणाच्या तरी वाईट क्षणासमोर येते म्हणून मागोमाग लाजही येते. माझ्या बाबतीत दोन्ही चाळीस वर्षं जोडीनेच आली. तू बिघडलेली नाहीस. मात्र त्या उसळीच्या भरात घेतलेल्या निर्णयांवर फार भरवसा ठेवू नकोस. हे मी कुठून शिकलो ते सांगतो. हे मी वर्गात कधी सांगितलेलं नाही.

मी बावीस-तेवीस वर्षांचा असेन. एक बस पुलावरून खाली गेली होती. जवळच्या शाळेच्या पटांगणात मृतदेह ओळीने ठेवले होते, चादरी घातलेल्या. एक बाई एकेका चादरीचा कोपरा उचलून बघत होती आणि परत नीट खोचून ठेवत होती. नीट, म्हणजे अंथरूण आवरल्यासारखी. रोलमध्ये सात फ्रेम उरल्या होत्या. पाचव्या चादरीपाशी ती थांबली, तिने वर पाहिलं, मी दिसलो, आणि तिने उजव्या हाताचा पंजा माझ्या दिशेने उभा केला.

मी बटण दाबलं. त्या पंजामुळेच फ्रेम पूर्ण होत होती ना!

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चार कॉलम. फोटोओळ मीच लिहून दिली होती: 'अपघातानंतर नातेवाइकाचा आक्रोश'. तिच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नव्हता. तो हात मला सांगत होता, 'नको'. ते मला तेव्हाही कळलं होतं. फोटोओळीत 'आक्रोश' लिहिला की 'नको' दिसेनासं होतं, हेही मला कळत असावं.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती विसरलोही असतो. पण दर वर्षी त्या अपघाताचा स्मरणदिन येई, आणि डेस्कवरचा कुणीतरी कपाटातून तोच फोटो काढून लावी. 'फाइल फोटो'. दुसऱ्या वर्षी तो छापून आला आणि चार दिवसांनी तिचा भाऊ ऑफिसात आला. दोन्ही वर्षांची कात्रणं घडी घालून खिशात आणली होती. तो भांडला नाही. म्हणाला, "पुढच्या वर्षी तरी दुसरा छापा. ती पेपर येण्याआधी उठून बसते." मी शब्द दिला. कपाटातल्या पाकिटावर 'वापरू नये' असं लिहायचं ठरवलं आणि राहून गेलं. तिसऱ्या वर्षी मी दौऱ्यावर होतो. फोटो पुन्हा छापला गेला. भाऊ पुन्हा आला नाही.

अगं, मला बोचतं ते शटर दाबल्याचं कमी आणि त्या पाकिटाचं जास्त. दाबायला क्षणच मिळाला होता, पाकिटावर दोन शब्द लिहायला मात्र वर्ष मिळालं होतं.

दक्षिण आफ्रिकेचा छायाचित्रकार केविन कार्टर याचा सुदानमधला फोटो तू पाहिला असशीलच. मार्च १९९३, जमिनीवर कोसळलेलं उपाशी मूल आणि मागे गिधाड. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो छापल्यावर वाचक विचारू लागले, त्या मुलाचं काय झालं? चार दिवसांनी पेपरला खुलासा करावा लागला, आणि मूल अन्नकेंद्रापर्यंत पोचलं की नाही हे माहीत नाही, असंच त्यात लिहावं लागलं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये कार्टरला पत्रकारितेतलं पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि जुलैमध्ये त्याने आयुष्य संपवलं. लोक या दोन गोष्टींना थेट गाठ मारतात. मला ते पटत नाही. पैशांची ओढाताण होती, दक्षिण आफ्रिकेत डोळ्यांदेखत पाहिलेल्या हत्या होत्या, जवळचा मित्र त्याच एप्रिलमध्ये गोळी लागून गेला होता. एका फोटोवर एवढं ओझं टाकू नये.

मी त्या फोटोत दुसरीकडेच अडकतो. त्या मुलाच्या मनगटावर प्लास्टिकची पट्टी आहे. अन्नकेंद्रात नोंद झाली की बांधतात ती. म्हणजे कुणीतरी त्या मुलाची दखल घेतली होती, आणि हे फोटोतच दिसत होतं. आपण सगळे गिधाडाकडे बघत बसलो. २०११ मध्ये एका स्पॅनिश दैनिकाचे पत्रकार त्या गावी गेले तेव्हा घरच्यांनी सांगितलं की ती मुलगी नव्हती, मुलगा होता, आणि त्या उपासमारीतून तो वाचला होता. अठरा वर्षं जग त्याला मुलगी म्हणत होतं.

आता तुझा फोटो शंभर टक्के मोठा कर आणि मांडीवरची फाइल बघ. मी बघितली. रुग्णाचं नाव आहे, वय आहे, वॉर्ड आहे. तुला वाटलं तू एक अनोळखी माणूस टिपलास. ओळख तर तू सोबत घेऊन आलीस, फक्त वाचली नाहीस. तूर्त हा फोटो कुठेही टाकू नकोस. स्पर्धेलाही नको, आणि 'फक्त मैत्रिणींच्या ग्रुपवर' तर मुळीच नको. फोनमधून काढलेल्या फोटोच्या पोटात जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात, ते काढून टाकायची सवय लाव. आणि डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं, असं समजू नकोस. घरच्यांना ओळखायला चप्पल पुरते.

आणखी एक. तू हा फोटो लांबून, टेलिफोटोने, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने काढलायस. कॉरिडॉरच्या टोकाचं घड्याळ त्याच्या खांद्याला चिकटल्यासारखं दिसतंय, त्यावरून कळतं. लेन्स दोनशे मिलिमीटरच्या आसपासची असेल. त्याला तू दिसलीच नसणार. माझ्या फोटोतल्या बाईला निदान हात वर करता आला. मी तो जुमानला नाही हा माझा गुन्हा, पण 'नको' म्हणायची संधी तिला मिळाली होती. तुझ्या माणसाला तेवढीही नव्हती. म्हणून मी विद्यार्थ्यांना पस्तीसची लेन्स लावायला लावतो. तिच्याने जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की आपणही दिसतो.

तू म्हणशील, विचारत बसलं तर क्षण जातो. जातो ना. नंतर विचार. फक्त धक्क्यात असलेल्या माणसाच्या 'हो'ला होकार धरू नकोस. तो त्या वेळी कशालाही मान हलवतो. दोन दिवसांनी पुन्हा विचार, आणि तेव्हा नाही म्हणाला तर नाही.

हा नियम सगळीकडे पुरत नाही, हेही कबूल करतो. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये मातीआड होत असलेल्या बाळाचा चेहरा रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोन्ही छायाचित्रकारांनी टिपला. ते बाळ कुणाचं, हे आजवर कळलेलं नाही. परवानगी कुणाची घेणार होते? तरी तो फोटो निघायलाच हवा होता असं मला वाटतं. तो बाळाचा चेहरा दाखवतो, पण बोट गॅस सोडणाऱ्यांकडे करतो. तुझा फोटो बोट कुणाकडे करतो, हे मी दोन दिवस शोधतोय. रांग नाही, बंद खिडकी नाही, जाब विचारावा असं काहीच नाही. फक्त एक माणूस खचलाय, आणि तो सुंदर उजेडात खचलाय.

अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँगचं उदाहरण मला म्हणूनच अवघड जातं. मार्च १९३६, कॅलिफोर्नियात वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ, मुलांना बिलगून बसलेली आई. लँग त्या तळाची पाटी मागे टाकून वीसेक मैल पुढे गेली होती, तिथून गाडी वळवून परत आली. दहा मिनिटांत काही फोटो काढले. नाव विचारलं नाही, हे तिनेच पुढे लिहून ठेवलंय. फोटो वर्तमानपत्रात आले आणि सरकारने त्या तळावर वीस हजार पौंड वजनाचं अन्न धाडलं. पण तोवर ते कुटुंब तिथून पुढे निघून गेलं होतं. १९७८ मध्ये एका वार्ताहराने त्या बाईला शोधून काढलं, तेव्हा ती म्हणाली, या फोटोतून मला एक पैसा मिळाला नाही, आणि माझं नावही कुणी विचारलं नाही. पुढे तिच्या शेवटच्या आजारपणात मुलांनी मदतीचं आवाहन केलं, तेव्हा लोकांनी पैसे पाठवले ते याच फोटोला ओळखून. आता सांग, हे कुठल्या खात्यात लिहायचं? मला अजून जमलेलं नाही.

उलट २००२ च्या गुजरात दंगलीतला तो हात जोडलेला, डोळ्यांत पाणी असलेला माणूस. मदत मागत होता, आणि फोटोने जगाला हादरवलं. पण पुढे तो जिथे जाई तिथे लोक त्याला ओळखत. कामं सुटली, राहण्याची ठिकाणं बदलावी लागली, आणि त्याला न विचारता तो चेहरा प्रचारात वापरला गेला. फोटो काढणारा फोटो काढून पुढच्या कामाला गेला, जशी रीतच आहे. त्या चेहऱ्यासकट रोज बाजारात जावं लागलं ते त्याला.

तुझ्या झोपेविषयी. रात्री एडिट करायला बसू नकोस. असले फोटो आधी लहान आकारात, जमल्यास कृष्णधवल करून बघ, व्हिडिओ असेल तर आवाज बंद. आणि कुणाशी तरी बोल, आईशी, माझ्याशी, गरज वाटली तर समुपदेशकाशी. मी बोललो नाही. त्या अपघातानंतर वर्षभर रस्त्यात बस दिसली की मी तिचा नंबर वाचायचो, आणि का वाचतोय ते मला कुणी विचारू नये म्हणून खिडकीची जागा सोडून बसायचो. याला नाव आहे आणि त्यावर इलाजही आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आता तुझा माणूस. फाइलवरचं नाव इंटरनेटवर शोधू नकोस. ते त्याने तुला दिलेलं नाही. दिवसा त्या वॉर्डात जा, तिथल्या सिस्टरना खरं काय ते सांग आणि त्याच्यासाठी निरोप ठेव. त्याचा नंबर मागू नकोस, तुझा ठेव. त्याने फोन केला नाही, तर ते उत्तर समज आणि मला कळव. आपण दोघंही आपापल्याकडची या फोटोची फाइल पुसून टाकू, माझ्याकडची मी तुझ्याआधी. त्याने फोन केला तर भेटायला जा. कॅमेरा घरी ठेव. पाच बाय सातची एक प्रिंट ने, बंद पाकिटात, आणि बाकावर सगळ्यांसमोर उघडून दाखवू नकोस. त्याच्या हातात दे आणि जरा लांब जाऊन उभी राहा.

आणि यावेळी पाण्याची बाटली ने.

तुझा,
मास्तर