माउंटन बाइक शर्यतीत फाट्यावर उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने नेमकं काय करायचं असतं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की पुढच्या रविवारी हौशी गटाच्या शर्यतीत पहिल्यांदाच स्वयंसेवक म्हणून जाताय. आयोजकांनी "फाट्यावर थांबा आणि येणाऱ्यांना प्रोत्साहन द्या" एवढंच सांगितलंय. आणि रस्ता चुकलेला एखादा स्पर्धक अंगावर धावून आला तर काय बोलायचं, याची धास्ती वाटतेय.

"फाट्यावर थांबा आणि प्रोत्साहन द्या." हे वाक्य वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. याच सूचनेपायी माझी एक शर्यत गेली, एका पोराला मी नको ते बोलले आणि ज्याच्याबरोबर सायकल चालवायला शिकले त्या मित्राशी अनेक वर्षं धड बोलणं नव्हतं. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

सहा किलोमीटरची फेरी, महिला गटाला तीन फेऱ्या. मोठा चढ संपतो तिथे माथ्यावर वाट फुटते. उजवीकडे झाडीत शिरणारी अरुंद पायवाट, तीच शर्यतीची. डावीकडे रुंद, गुळगुळीत गाडीवाट, सरळ उताराला लागलेली. फाट्यावर एक बाण, आणि उजव्या वाटेवर पाचसहा पावलं आत एका फांदीला बांधलेली लाल टेप. डावी वाट सताड उघडी. पहिल्या फेरीत मी बरोबर उजवीकडे गेले. तेव्हा तिथे माणूस कुणीच नव्हता.

दुसऱ्या फेरीत मी तिसरी होते. पुढच्या दोघी नजरेच्या टप्प्यात नव्हत्या, मागच्या दोघी माझ्या चाकाला चिकटून होत्या. चढाच्या शेवटी काय अवस्था असते ते सायकल चालवणाऱ्याला सांगायला नको. छाती फुटायची बाकी, घाम डोळ्यांत, नजर पुढच्या चाकापलीकडे जात नाही. मान वर केली तर फाट्यावर नारिंगी जाकिटातला एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. उभा होता डाव्या वाटेच्या तोंडाशी, कारण मोठं झाड तिथे होतं आणि सावलीही तिथेच होती. आम्हाला पाहून त्याला इतका आनंद झाला की तो जागच्या जागी उड्या मारायला लागला. "चला, चला, चला! मस्त!" आणि डावा हात खांद्यापासून गोल फिरवून गाडीवाटेकडे झोकून देत होता.

मी डावीकडे गेले. माझ्यामागून दोघीही आल्या.

पहिल्या फेरीत उजवीकडे गेल्याचं मी विसरले नव्हते, चांगलं आठवत होतं. पण त्या अर्ध्या क्षणात मनात आलं ते असं: मघाशी इथे माणूस नव्हता, आता आहे, म्हणजे आत कुणीतरी पडलंय आणि शर्यत इकडून वळवलीय. जाकीट घातलेला माणूस हात दाखवतोय म्हटल्यावर खिळ्यावरच्या बाणाला कोण विचारतो? तुम्हीही नाही विचारणार.

जवळजवळ किलोमीटरभर उतरल्यावर कळलं की टेपचा एकही तुकडा दिसलेला नाही. थांबले. मागच्या दोघींनी झाडीतून आडवी वाट काढली आणि पुढे कुठेतरी शर्यतीच्या मार्गाला जाऊन मिळाल्या. यात नियम सरळ आहे. मार्ग जिथे सोडलात तिथूनच, त्याच दोन खुणांच्या मधून, परत आत यायचं. मी चढ चढून मागे आले. नऊ मिनिटं गेली. शेवटी सातवी आले. त्या दोघी दुसरी आणि तिसरी. मी दोघींचे नंबर सांगितले, पण त्या जिथून आत घुसल्या तिथे पाहणारं कुणी नव्हतं, त्यामुळे निकाल तसाच राहिला.

पण मला सलतं ते हे नाही. परत फाट्यावर पोचले तेव्हा तो मुलगा तिथेच होता, आता मात्र गप्प, आणि मी त्याच्यावर तुटून पडले. मागून येणाऱ्या बायका ऐकत होत्या, तरी थांबले नाही. डोळे फुटलेत का, घरी का नाही बसलास, असलं सगळं बोलले. त्याचा चेहरा पडला. एवढंच म्हणाला, "ताई, शर्यत कुठून जाते ते मला कुणी सांगितलंच नाही."

खरोखरच सांगितलं नव्हतं. नेमलेला माणूस ऐनवेळी आला नाही म्हणून शर्यत सुरू झाल्यावर त्याला मोटारसायकलवरून आणून तिथे सोडलं होतं. जाकीट दिलं आणि "इथे थांब, येतील त्यांना जोर दे" म्हणून सांगून गेले. शिट्टी नाही, नकाशा नाही, कुणाचा फोन नंबर नाही. पोराने सांगितलेलं काम जीव तोडून केलं होतं.

मार्किंगची, म्हणजे मार्गावर बाण आणि टेप लावायची, जबाबदारी ज्याच्याकडे होती तो माझा मित्र. संध्याकाळी त्याचं आणि माझं वाजलं. त्याचं म्हणणं: बाण होता, टेप होती, एक फेरी तू बरोबर मारलीस, आणि मार्ग ओळखून चालवणं ही स्पर्धकाची जबाबदारी आहे, असं नियमच सांगतो. नियम तसाच आहे हे मला मान्य आहे, तेव्हाही होतं. माझं म्हणणं वेगळं होतं आणि आजही आहे. फाट्यावर माणूस उभा केलात की तो माणूसच बाण होतो. तो कुठे उभा राहतो, तोंड कुठे करतो, हात कुठे नेतो, हे सगळं स्पर्धक वाचतो, आणि तुमच्या पुठ्ठ्याच्या आधी वाचतो. त्याला काही न सांगता उभं करणं म्हणजे वाऱ्यावर फिरणारा बाण लावण्यासारखं आहे. त्यापेक्षा तिथे कुणीच नसलेलं परवडतं. पहिल्या फेरीत कुणी नव्हतं, तेव्हा एकही जण चुकली नव्हती!

2021 साली टोकियो ऑलिंपिकच्या माउंटन बाइक शर्यतीत नेदरलँड्सचा मॅथ्यू व्हान डर पोल पडला, तेव्हा आमचा हाच वाद पुन्हा पेटला. सरावाच्या वेळी एका मोठ्या खडकाच्या टप्प्यावरून उतरायला फळी लावलेली होती, शर्यतीच्या दिवशी ती काढलेली होती. त्याला वाटलं फळी आहे. पहिल्याच फेरीत तो पुढच्या चाकावर कोसळला आणि नंतर त्याने शर्यत सोडली. मित्राचं म्हणणं, बाकीच्यांना ठाऊक होतं, ह्याने विचारायला हवं होतं. असेलही. पण मला त्यात माझीच गोष्ट दिसते, फक्त उलटी. त्याने आठवणीवर भरवसा ठेवला आणि आपटला, मी आठवण बाजूला ठेवून समोरच्या माणसावर भरवसा ठेवला आणि भरकटले. "एक फेरी मारली होतीस ना" हा युक्तिवाद म्हणून मला पटत नाही. शर्यतीत मार्ग बदलू शकतो हे स्पर्धकाला माहीत असतं, म्हणून त्याने त्या क्षणी समोर जे दिसतं त्यावरच चालावं लागतं. ते समोरचं नीट ठेवणं आपलं काम.

त्यानंतर मी हट्टाने मार्किंगचं काम अंगावर घेतलं आणि आजतागायत करते. जागतिक संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या नियमात फाट्याला तीन बाण सांगितलेत: तीस मीटर आधी एक, फाट्यावर एक आणि फाटा ओलांडल्यावर दहा मीटरवर एक. हौशी शर्यतीत लोक मधला लावतात आणि बाकीचे दोन खाऊन टाकतात. ताशी तीस किलोमीटरच्या वेगात तीस मीटर म्हणजे जेमतेम साडेतीन सेकंद. तेवढा अवधी ब्रेक आणि गिअरला लागतोच. आणि पुढचा दहा मीटरवरचा बाण "तू बरोबर आहेस" म्हणून सांगतो, तो नसला की चांगला स्पर्धकसुद्धा मान वळवून मागे बघतो आणि पडतो. चुकीच्या वाटेवर फुलीची खूण लावायची. पण माझ्या मते नुसती फुली पुरत नाही, ती वाट टेपने या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी बंद करायची. बरोबर वाट दाखवण्यापेक्षा चुकीची बंद करणं महत्त्वाचं, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. त्या दिवशी डाव्या वाटेवर दोन खांब आणि चार मीटर टेप असती, तर त्या मुलाने हात कुठेही फिरवला असता तरी काही बिघडलं नसतं. "टेपचं बंडल संपलं होतं," असं मित्र म्हणाला होता. पण त्याच बंडलातली टेप सुरुवातीच्या मैदानाभोवती शोभेसाठी तीनपदरी बांधलेली होती, ती मी डोळ्यांनी पाहिली होती.

टेपच्या रंगाबद्दलही एक. झाडीत लाल टेप लावू नका. सावलीत लाल रंग काळपट दिसतो, आणि लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणारे पुरुष बरेच असतात. त्यांना हिरव्या पानांत ती चटकन दिसत नाही. भडक गुलाबी किंवा पिवळी-काळी घ्या. जमिनीवर फक्कीच्या रेघा मारणाऱ्यांनी पावसाचा विचार करावा. खांब बांबूचे किंवा प्लास्टिकच्या नळीचे असावेत. लोखंडी सळई ठोकलेली दिसली तर मी ती स्वतः उपटून टाकते, मग कुणी काहीही म्हणो.

आता तुमचा रविवार. तुम्हाला सांगितलं नसेल तरी आदल्या दिवशी मार्ग चालून या, निदान तुमच्या फाट्याच्या दोन्ही बाजूंनी दोनशे मीटर. उभं राहायचं ते चुकीच्या वाटेवर, तिला पाठ करून, छाती येणाऱ्या स्पर्धकाकडे. म्हणजे तुम्हीच दार बंद करून उभे. हात एकच वापरायचा, बरोबर दिशेचा, आणि तो सरळ धरून ठेवायचा. फिरवायचा नाही, हलवायचा नाही. तोंडाने "उजवीकडे" किंवा "डावीकडे" एवढंच म्हणायचं, आणि ते स्पर्धक पोचायच्या आधी, तो शेजारून जाताना नव्हे. प्रोत्साहन द्यायचं तर तो वळून बरोबर वाटेला लागल्यावर पाठीमागून द्या. त्याला ते चांगलं ऐकू जातं. टाळ्या वाजवायच्या तर वाजवा, पण तेव्हाच. शिट्टी मागून घ्या. एक जोरदार फुंकर मारली की पुढे वाटेत रेंगाळणारे बाजूला होतात.

कुणी चुकलाच तर पाठीमागून नुसतं "ए, ए" ओरडू नका, त्याचा नंबर ओरडा. माणूस आपला नंबर ऐकला की थांबतो. तो परत येऊन तुमच्यावर चिडला तर वाद घालू नका आणि माफीही मागत बसू नका. "इकडून" म्हणा, हात दाखवा, वेळ आणि नंबर कागदावर लिहून ठेवा. त्याच्या डोक्यात त्या वेळी रक्त चढलेलं असतं, मी स्वतः त्या जागी होते. तुमची चूक झाली की नाही ते नंतर बघता येतं. शिव्या दिल्या तर तोही नंबर लिहा आणि आयोजकांना द्या. माझा नंबर त्या मुलाने दिला असता तर मला शिक्षा व्हायला हवी होती, आणि मी ती निमूट घेतली असती.

हे सगळं साध्या फाट्याचं झालं. खडकाच्या किंवा तीव्र उताराच्या ठिकाणी उभं केलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे खाली तोंड केलेले बाण असतात, एक म्हणजे सावकाश, तीन म्हणजे फारच धोका, आणि तिथे काम दिशा दाखवण्याचं नसून, कुणी पडलं तर त्याच्या वरच्या बाजूला जाऊन मागून येणाऱ्याला सावध करण्याचं असतं. त्यासाठी कुणीतरी अनुभवी माणूस सोबत मागा. एकट्याने थांबू नका.

मुलांना फाट्यावर उभं करू नये असं मी मध्यंतरी ठामपणे म्हणत असे. आता तेवढं म्हणत नाही. नीट सांगितलं तर चौदा वर्षांची मुलगी चाळिशीतल्या माणसापेक्षा चोख उभी राहते, चाळिशीतला फोनवर असतो. आणि शेवटचा स्पर्धक गेला असं स्वतः ठरवून जागा सोडू नका. सर्वांच्या मागून स्वीप, म्हणजे मागे कुणी राहिलं नाही ना ते बघणारा आयोजकांचा माणूस, येतो, टेप तोच काढतो. तो तुमच्यासमोरून गेला की मोकळे.

मित्राशी आता बोलणं आहे. मागच्या वेळी त्याने स्वयंसेवकांना आदल्या संध्याकाळी मार्गावरून फिरवून आणलं, आणि त्या माथ्यावरच्या फाट्याशी पोचल्यावर माझ्याकडे बघून डाव्या वाटेला स्वतःच्या हाताने टेप बांधली. तोंडाने काही म्हणाला नाही, मीही नाही. तो मुलगा मात्र पुन्हा कधी कुठल्या शर्यतीला आला नाही. मी दोनदा निरोप पाठवला.

तुमच्या फाट्यावर ऊन असेल तर टोपी आणि पाण्याची बाटली आधीच घेऊन जा. सावलीसाठी जागा सोडू नका.